भिवाअण्णांचा तंबोरा

"आणि शेवटी?" बुवांनी विचारलं.

बाकी सगळं मृगेंद्रनं घडाघडा सांगून टाकलं होतं. पुण्याची मैफल, संध्याकाळची वेळ. दिवेलागणीला पूरिया धनाश्री, सावकाश मांडायची. मग केदार, जरा चढ्या लयीत. मध्यंतर. लोक चहा पिऊन परत आले की बागेश्री. मग एक अभंग, एक नाट्यपद... बोटांवर मोजत मोजत तो इथवर आला आणि पुढचं बोट काही उघडेना.

"शेवटी ते... नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

मृगेंद्र सतरंजीच्या दशा सारख्या करू लागला.

रुद्राप्पाबुवा कृष्णाकाठच्या मठामागं दोन खोल्यांत राहत. दम्यानं त्यांचं गाणं सुटलं होतं, शिकवणं सुटलं नव्हतं. हातातल्या अडकित्त्यानं ते सुपारी कातरत होते, अगदी बारीक, जणू जगात तेवढंच काम उरलं होतं. वर त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस? नाव घे की."

"भैरवी," मृगेंद्र म्हणाला. इतक्या हळू, जणू गुरूपुढं नव्हे, सावकारापुढं बसलाय.

"हां."

अडकित्ता चालूच राहिला.

मृगेंद्र कोरे हे नाव आता लोकांना माहीत झालं होतं. तरुण वय, गळा असा की तीन सप्तकं अंगणासारखी मोकळी. त्याची भैरवी ऐकायला लोक लांबून येत. भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट, हे आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. ती झाली की तंबोऱ्याला गवसणी चढते, लोक चपला शोधू लागतात. तिच्यानंतर कुणी गात नाही. तसा नियम कुठं लिहिलेला नाही, म्हणूनच तो कुणी मोडत नाही.

"आलास कसा?" बुवांनी विचारलं.

"एसटीनं."

"मालेवाडीच्या फाट्यावर थांबली असेल."

"थांबली."

"उतरलास?"

मृगेंद्रच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एसटी फाट्यावर चांगली रेंगाळली होती. कंडक्टर चहा प्यायला उतरला होता. रस्त्यापलीकडं चिंचेखाली त्याच्या थोरल्या गुरुबंधूंचं, भिवाअण्णांचं घर, त्याचं दार सताड उघडं. मृगेंद्रनं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि गाडी हलेपर्यंत धरून ठेवलं. त्यातली एक ओळ वाचली असती तर शपथ.

"उशीर होत होता, बुवा."

"होय तर. पुण्याला जायचंय न्हवं."

बुवा याहून जास्त बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मृगेंद्रला वाटलं. शिव्या खायची तयारी करून आलेल्या माणसाला कुणी पाणी विचारलं की त्याची जी दशा होते, ती त्याची झाली.

घडलं होतं ते असं.

बुवांच्या गुरूंची पुण्यतिथी मठात दरसाल होते. सकाळी पूजा, मग गाणं, मग पंगत. या घराण्याची रीत अशी की सगळ्यात धाकट्यानं आधी बसायचं आणि सगळ्यात थोरल्यानं शेवटी. भैरवी फक्त थोरल्यानं म्हणायची. बुवांचा दमा वाढल्यापासून थोरलेपण भिवाअण्णांकडं आलं होतं. भिवाअण्णा बुवांचे पहिले शिष्य. उभा जन्म शाळेत पोरांना कविता चालीवर म्हणायला शिकवण्यात गेला. नाव झालं नाही, आणि ते व्हावं असं त्यांनी कधी कुणाला जाणवूही दिलं नाही. आता आवाज फाटला होता. वरचा सा लागला तर लागला. पण वर्षाकाठी ही एक बैठक त्यांची होती. एकदा ती झाली की दुसऱ्या दिवसापासून पुढच्या वर्षीची तयारी सुरू. यंदा गौड सारंग म्हणणार, हे त्यांनी गेल्या दिवाळीतच बुवांना सांगून ठेवलं होतं.

त्या सकाळी भिवाअण्णा मृगेंद्रला म्हणाले होते, "आज माझ्या मागं बसशील का रे? तंबोऱ्यावर तुझा हात गोड आहे."

हात गोड असणारच. लहानपणी त्याचं बोट धरून तारेवर ठेवलं होतं ते भिवाअण्णांनीच.

"बघू, अण्णा," मृगेंद्र म्हणाला होता. "गाऊन दमलो नसलो तर."

मग तो बसला आणि त्याची तोडी अशी काही जमली, की खुद्द त्यालाच नवल वाटलं. तोडीनंतर लोकांनी भजन मागितलं. भजन झालं. आता उठायचं, मागच्या दाराशी थोरला माणूस थांबलाय, हे त्याला ठाऊक होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून पुण्याचे एक संयोजक म्हणाले, "कोरे, भैरवी होऊन जाऊ द्या."

आणि लोक म्हणाले, होऊन जाऊ द्या.

मृगेंद्रनं दाराकडं पाहिलं. भिवाअण्णा उभे होते. दाढी घोटलेली, धुतलेलं धोतर, खांद्याला टेकलेला, सूर जुळवून आणलेला तंबोरा. त्यांनीही त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. काय करतोस बाबा, असं विचारावं तसं.

मृगेंद्रनं डोळे मिटले.

गाणाऱ्यानं डोळे मिटले की लोकांना वाटतं, सूर लागला.

भैरवी फार सुंदर झाली. त्यात खोट काढायला जागा नव्हती. लोक उठले, टाळ्या झाल्या, आणि पानं मांडल्याची वर्दी आली. भिवाअण्णांनी दारातच तंबोऱ्याला गवसणी घातली. मग गर्दीतून वाट काढत आले, मृगेंद्रच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बेस झाली." पंगतीला त्याच्या शेजारी बसले. "अजून एक पोळी घे, गळ्याला ताकद लागते," असा आग्रहही केला. ती पोळी मृगेंद्रला आजवर पचलेली नव्हती.

पुण्याचं आमंत्रण आलं ते त्या भैरवीवरच.

"भैरवी म्हण," बुवा म्हणाले.

मृगेंद्र दचकला. "आत्ता?"

"पुण्याला म्हणणारच आहेस. आम्हालाही ऐकू दे. त्या दिवशी मला ताप होता. भिंतीआडून ऐकली, निम्मी कळली, निम्मी नाही."

म्हणजे बुवांनी ऐकली होती. आतल्या खोलीत पडून सगळं ऐकलं होतं. तोडी संपलेली, भजन संपलेलं, आणि त्यानंतर ज्या आवाजाची वाट पाहायची तो न येता हाच पुन्हा आलेला.

कोपऱ्यात दोन तंबोरे होते. एक बुवांचा, उघडा. दुसऱ्यावर जुन्या लुगड्याची शिवलेली गवसणी. मृगेंद्रनं त्या दुसऱ्याकडं न पाहता पहिला घेतला, जुळवला आणि डोळे मिटले. मग काही सुचून पुन्हा उघडले. उघड्या डोळ्यांनी गाणं अवघड जात होतं. समोर बुवांचा अडकित्ता दिसत होता.

पण गळा लबाड असतो. दोनचार आवर्तनांत तो आपला आपण रमला. कोमल रिषभ असा लागला की मृगेंद्रला आतून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच लाजही वाटली. लाजेतसुद्धा तो आपलं गाणं ऐकत होता. हा मेला गळा कुठं तरी काढून ठेवता आला असता तर त्यानं तो त्या घडीला ठेवला असता.

शेवटचा सा विरला.

"चांगली झाली," बुवा म्हणाले. ते खोटं बोलत नसत, म्हणून ते जास्त लागलं. "आता तुझी ती पूरिया धनाश्री म्हण. ऊन उतरलंच आहे."

"आत्ता?"

"का?"

"भैरवी झाली, बुवा."

"मग?"

"भैरवीनंतर... गात नाहीत."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"कधी?"

"लहान होतो तेव्हा. पहिल्या वर्षीच."

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

बाहेर मठाच्या अंगणात कुणी तरी झाडू मारत होतं. मृगेंद्र बोलू लागला तो थांबेना. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगाच नाही.

"लोक मागत होते, बुवा. मी तरी काय करणार? आणि अण्णांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. माझ्यानंतर ते बसले असते तर लोक हळूहळू उठून गेले असते. पुण्याची माणसं, त्यांना काय कळणार अण्णा कोण ते. गौड सारंग अर्ध्यात आणि समोर नुसत्या सतरंज्या... ते मला बघवलं नसतं. त्यांचा पाणउतारा झाला असता. मी म्हटलं, त्यापेक्षा..."

"त्यापेक्षा तू संपवून टाकलंस."

"होय."

"भिवाची लाज राखलीस."

"तसंच काहीसं, बुवा."

"मग मान कशाला खाली?"

ही सगळी वकिली मृगेंद्रनं घरी बसून तयार केली होती, महिनाभर रोज घासूनपुसून. एसटीत ती किती पटत होती. इथं या दोन खोल्यांत तिचा एकेक शब्द तोंडातून बाहेर पडताच नासत होता.

"मी त्यांना बघितलं होतं," तो शेवटी म्हणाला. "दारात. ते तयार होऊन उभे होते. मी बघितलं आणि मग डोळे मिटले. त्यांच्यासाठी नाही मिटले. ती भैरवी मला कुणाला द्यायची नव्हती. लोकांनी घरी जाताना माझी घेऊन जावी, असं वाटलं."

हे बोलून झालं आणि त्याला रडू आलं. मोठ्या माणसाचं रडू, बिनआवाजाचं आणि ओंगळ. त्यानं उपरण्यात तोंड लपवलं.

बुवांनी त्याला उगी म्हटलं नाही. कातरलेली सुपारी त्यांनी डब्यात भरली, झाकण लावलं.

"तो तंबोरा आण," ते म्हणाले.

"कुठला?"

"गवसणी घातलेला. दुसरा कुठला?"

मृगेंद्र उठला. गवसणीची नाडी सोडताना त्यानं ती ओळखली. भिवाअण्णांची गाठ. ते नेहमी दुहेरी मारत, प्रवासात सुटू नये म्हणून.

"हा... इथं कसा?"

"पंगत झाल्यावर ठेवून गेला. म्हणाला, राहू दे इथंच, घरात जागा अडते." बुवा थांबले. श्वास लागला होता. "मालेवाडीचं घर तू बघितलंयस. तिथं बैलगाडी ठेवली तरी जागा अडायची नाही."

गवसणी निघाली. भोपळ्यावर धूळ नव्हती, तारा मात्र उतरल्या होत्या. मृगेंद्र खाली बसला, खुंट्या पिळू लागला. तार चढत गेली, वर, आणखी वर.

"कुणाच्या पट्टीत लावतोस?"

त्याचा हात थांबला.

सवयीनं तो आपल्या पट्टीत लावत होता. भिवाअण्णांचा तंबोरा, भिवाअण्णांच्या गाठीची गवसणी मांडीवर, आणि पट्टी मात्र आपली. आत्ताच रडून झालं होतं, डोळे अजून ओले होते, तरी हात तिकडंच गेले. मघाच्या सगळ्या कबुलीपेक्षा या एका गोष्टीची त्याला जास्त शरम वाटली. बोलणं काय, माणूस रचूनही बोलतो.

त्यानं तार उतरवली. भिवाअण्णांची पट्टी त्याला पाठ होती. मागं बसून बसून कानात मुरलेली. खाली, त्याच्या स्वतःच्या गळ्याला जिथं धड गाता येणार नाही तिथं, तंबोरा बोलू लागला. दोघं बराच वेळ ऐकत राहिले.

"मी अण्णांना पुण्याला नेतो," मृगेंद्र म्हणाला. त्याला एकदम मार्ग सापडल्यासारखं झालं. "बुवा, आज जाताना मालेवाडीला उतरतो. त्यांच्या पाया पडतो. पुण्याला माझं झालं की शेवटी अण्णा बसतील. भैरवी त्यांची. मी मागं तंबोऱ्यावर."

"येईल तो," बुवा म्हणाले. "भिवानं कुणाला नाही म्हटलंय? तुझ्या मैफलीत, तुझ्या माणसांपुढं, तुझ्यातून उरलेल्या वेळात येऊन गाईल. आणि लोक घरी जाताना म्हणतील, कोरेंचं मन केवढं मोठं."

मृगेंद्रनं तारेवरचं बोट काढून घेतलं. कारण 'मी मागं तंबोऱ्यावर' म्हणताना त्याला ते दिसलंही होतं. मागं बसलेला आपण, खाली मान, आणि समोर गहिवरलेले लोक.

"मग मी पुण्याला जातच नाही."

"शब्द दिलायस. जायचं."

"काय गाऊ?"

"मघा सांगितलंस ते. क्रम चांगला लावलायस. केदार मध्यंतराआधी घेतलास ते बरं केलंस, बागेश्रीला ऐसपैस जागा मिळेल. अभंग म्हण. नाट्यपद म्हण, लोकांना आवडतं."

"आणि शेवटी?"

आता हे विचारणारा तो होता. बुवांनी हात पुढं केला आणि त्याच्या मांडीवरची गवसणी मागून घेतली. तिची नीट घडी घातली, घडीवर घडी, आणि आपल्या उशीखाली सरकवून दिली.

मृगेंद्र तंबोरा कोपऱ्यात ठेवायला उठला होता. तो घुटमळला.

"गवसणी, बुवा?"

"नको. उघडा राहू दे."

"धूळ बसेल."

"पुसायला येत जा."

त्यानं तंबोरा भिंतीला टेकवला. कोपऱ्यात तो उघडा, जुळवलेला उभा राहिला. दारात उभ्या असलेल्या माणसासारखा. मृगेंद्रला त्याच्याकडं पाहवेना, आणि या खेपेला डोळेही मिटवेनात.

तो पुन्हा येऊन बसला.

"भैरवी म्हणू नको, असं म्हणता?"

"मी कुठं काय म्हणतोय."

"नाट्यपदावरच उठू?"

"उठ की."

"पुण्यातच, की..."

बुवांनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं. मृगेंद्रला कळलं. पुण्यात, साताऱ्यात, जिथं बसेल तिथं. त्याचं नाव झालं होतं ते ज्या एका गोष्टीवर, तीच आता त्याच्या हातात राहणार नव्हती. मैफल रंगवत न्यायची, टोकाला आणायची आणि तिथंच सोडून उठायचं. जेवायला बसवून ताकभाताआधी पान उचलायचं. लोक काय म्हणतील...

"लोक ऐकायचे नाहीत, बुवा. ते बसून राहतील. भैरवी भैरवी म्हणून ओरडतील."

"ओरडतील. त्या दिवशीही ओरडलेच होते."

"मी त्यांना सांगू तरी काय?"

बुवांनी डब्याचं झाकण उघडलं, सुपारीची चिमूट त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटली.

"खरं ते सांग. म्हणावं, मैफल अजून चालू आहे... माझ्यामागून भिवाअण्णा बसायचे आहेत."